जर्मन शिपायाच्या चाकरीचे कागद

१. बखर आणि अस्सल कागद यांचा विरोध आला असतां प्रमाण कोणतें मानावें, हा प्रश्न राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून आपल्याकडे चर्चेंत आहे. आपला वाद बहुधा पानिपतासारख्या दूरच्या प्रसंगावरून चालतो. त्यामुळें बखरकार आणि कागद लिहिणारा कारकून या दोघांचीहि उलटतपासणी करण्यास दुसरें साधन पुष्कळदा उरत नाहीं. परंतु विसाव्या शतकांतील एका जर्मन शिपायासंबंधानें असें सुदैवानें घडलें आहे कीं, त्यानें स्वतः सांगितलेली आपली बखर उपलब्ध आहे, त्याच्या सोबत्यांनीं लिहिलेल्या बखरी उपलब्ध आहेत आणि त्याच्या चाकरीचे कागदहि उपलब्ध आहेत. हा शिपाई म्हणजे पहिल्या महायुद्धांत बव्हेरियाच्या सैन्यांत निरोप्याचें काम करणारा अडोल्फ हिटलर होय. त्याच्या पुढील राजकारणाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. त्याच्या चाकरीचा कागद कसा वाचावा, आणि कागद जेथें गप्प राहतो तेथें संशोधकानें काय करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. प्रथम कागदांच्या जाती पाहूं. जर्मन साम्राज्यकाळीं शिपाई पलटणींतून मोकळा होऊन राखीव दलांत गेला म्हणजे त्याच्या हातीं एक लहान पुस्तिका देत. तिला मिलिटेअरपास म्हणत. तींत नांव, जन्मतिथि, जन्मगांव, धर्म, धंदा, भरतीचा दिवस, पलटण व कंपनी, हुद्दा, पदकें, वर्तणूक आणि मोकळीक मिळाल्याचा दिवस हीं सर्व नमूद असत. ही पुस्तिका शिपायाच्या घरीं राहिली, म्हणून आज संग्राहकांच्या हातीं बहुधा हीच येते.

दुसरा कागद श्टामरोले म्हणजे कंपनीचा हजिरीपट. हा पलटणीच्या दफ्तरांत राही. युद्धकालीन हजिरीपटांत आईबापांचीं नांवें, बायको व मुलें, शिपाई कोणकोणत्या लढायांत होता, केव्हां जखमी झाला, कोणत्या इस्पितळांत गेला, या सर्वांस स्वतंत्र रकाने आहेत. मोंगली अंमलांतील चेहऱ्याच्या कागदाची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे; मात्र यांत शरीराच्या खुणांपेक्षां चाकरीच्या हिशेबास महत्त्व अधिक.

तिसरें साधन फरलुस्टलिस्ते, म्हणजे मृत, जखमी व बेपत्ता शिपायांच्या छापील याद्या. ऑगस्ट १९१४ पासून १९१९ पर्यंत निघालेल्या या याद्यांचीं पृष्ठें ३१,००० च्या घरांत जातात. आरंभीं यांत पलटणवार नांवें येत. पुढें, शत्रूस सैन्याची मांडणी कळूं नये म्हणून, पलटणीचें नांव गाळून वर्णानुक्रमानें नांवें देऊं लागले. त्यामुळें उत्तरार्धांतील यादीवरून केवळ नांव जुळलें म्हणून माणूस तोच, असें म्हणतां येत नाहीं. जन्मगांवहि जुळलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धांत शिपायाजवळ सोल्डबुख म्हणजे पगाराची पुस्तिका असे, आणि वेअरपास नांवाची चाकरीची पुस्तिका दफ्तरीं राही. पहिलींत वेतनश्रेणी, मिळालेले कपडे व हत्यारें, टोंचून घेतलेल्या लसी, रजा व इस्पितळें यांची नोंद सांपडते. त्या काळच्या पत्रांवर पलटणीच्या नांवाऐवजीं टपालाचा पांच अंकी क्रमांक असतो. तो उलगडण्याचीं कोष्टकें जवळ नसतील तर पत्र असून नसल्यासारखेंच.

या सर्व कागदांचा एक समान गुण आहे. ते कोणाचें चरित्र सांगण्याकरितां लिहिलेले नाहींत. पगार कोणास द्यावयाचा, शिधा किती जणांचा काढावयाचा, बूट कोणाच्या नांवें पडले, मेल्यास कोणास कळवावयाचें, एवढ्याचसाठीं ते लिहिले गेले. लिहिणाऱ्या कारकुनास शिपायाच्या कीर्तीशीं कर्तव्य नव्हतें. चुका त्याच्याहि हातून होत. परंतु त्या हातचुका, हेतूनें केलेली रचना नव्हे. या निरिच्छपणांतच त्या कागदाचें प्रामाण्य आहे.

३. लिपीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हे कागद बहुधा कुरेंट नांवाच्या जर्मन धांवत्या लिपींत आहेत. १९४१ सालीं सरकारी हुकुमानें जर्मन शाळांतून ही वळणें बंद झालीं. त्यामुळें आज जर्मन तरुणांसहि स्वतःच्या पणजोबाचें पत्र वाचतां येत नाहीं. मोडीची जी अवस्था आपल्याकडे झाली तीच तेथें कुरेंटची झाली. तींत ए आणि एन् हीं अक्षरें इतकीं सारखीं दिसतात कीं नवशिका हटकून फसतो. यू हें अक्षर एन् पासून ओळखूं यावें म्हणून त्याच्या डोक्यावर लहानशी कमान काढीत. मोडी वाचणारास ऱ्हस्वदीर्घाचा भेद संदर्भानें लावण्याची संवय असते, त्यास ही लिपि फार दिवस अडविणार नाहीं.

खरी अडचण संक्षेपांची. आपल्या कागदांतील ‘छ’, ‘मु॥’, ‘सु॥’ यांप्रमाणें जर्मन कारकुनांचेहि ठराविक संक्षेप आहेत. ‘इ. आर.’ म्हणजे पायदळाची पलटण. त्याच्या आधीं ‘आर’ आला तर ती राखीव पलटण. ‘के. फौ.’ म्हणजे लढाईस लायक; ‘गे. फौ.’ म्हणजे केवळ छावणींतील कामास लायक. एका अक्षराच्या फरकानें शिपाई खंदकांतून छावणींत जातो, हें ध्यानांत ठेवावें.

४. आतां दफ्तरांची स्थिति. १८७१ नंतर जर्मनी एक झाली तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी व व्युर्टेंबेर्ग यांचीं सैन्यें व दफ्तरें पृथक् राहिलीं. प्रशियाचें सैन्य सर्वांत मोठें आणि त्याचें दफ्तर पॉट्सडाम येथें होतें. ता. १४ एप्रिल १९४५ रोजीं, युद्ध संपण्यास महिनाहि उरला नव्हता तेव्हां, इंग्रजांच्या विमानहल्ल्यांत तें जळालें. लक्षावधि प्रशियन शिपायांचे हजिरीपट त्यांत गेले. बव्हेरियाचे हजिरीपट मात्र म्यूनिक येथील युद्धदफ्तरांत सुरक्षित राहिले, आणि आतां त्यांच्या प्रतिमाहि घरबसल्या पाहतां येतात. दुसऱ्या महायुद्धांतील शिपायांसाठीं ऑगस्ट १९३९ मध्यें बर्लिनला एक माहितीकचेरी स्थापन झाली होती. तिच्याकडील १ कोटी ८० लाखांवर पत्रिका, ता. १ जानेवारी १९१९ नव्हे तर २०१९ पासून, जर्मन राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या ताब्यांत आहेत. शतकाचा हा आंकडा वाचकांनीं मुद्दाम ध्यानीं धरावा, कारण ज्या कचेरीचें काम युद्धाबरोबर संपावयाचें ती ८० वर्षें मृतांच्या वारसांस उत्तरें देत राहिली.

यावरून निष्पन्न होतें तें असें कीं, जर्मन शिपायाचा शोध त्याच्या पराक्रमावर नव्हे, तर त्याचें सैन्य कोणत्या राज्याचें होतें यावर अवलंबून आहे. आपला शिपाई जन्मानें ऑस्ट्रियन. त्यानें प्रशियाची चाकरी पत्करली असती तर त्याच्याविषयीं आपण आज बरेंचसें बखरीवरच विसंबून असतों. तो बव्हेरियाच्या पलटणींत शिरला, म्हणून त्याचे कागद राहिले.

५. आतां बखर व कागद समोरासमोर ठेवूं. बखर म्हणजे १९२५ सालीं पहिला भाग प्रसिद्ध झालेला त्याचा ‘माइन कांफ’ हा ग्रंथ.

(अ) बखर म्हणते कीं आपण १९१२ च्या वसंतांत व्हिएन्ना सोडून म्यूनिकला आलों. म्यूनिक पोलिसांच्या रहिवासनोंदींत हें आगमन मे १९१३ मधील आहे. एका वर्षाचा हा फरक विस्मरणाचा म्हणावा काय? ऑस्ट्रियाच्या लष्करभरतीचे कागद पाहिले म्हणजे शंका येते. सक्तीच्या भरतीस तो हजर झालेला नव्हता. जानेवारी १९१४ मध्यें म्यूनिक पोलिसांनीं त्यास गांठलें, आणि ता. ५ फेब्रुवारी १९१४ रोजीं साल्झबुर्ग येथें तपासणी होऊन, अशक्त असल्यामुळें हत्यार धरण्यास नालायक, असा शेरा पडला. १९३८ सालीं ऑस्ट्रिया जर्मनीस जोडल्यावर हेंच दफ्तर हस्तगत करण्याकरितां गुप्त पोलिसांनीं लिंझ शहरीं शोध केला. तें त्यांस मिळालें नाहीं. फ्रान्झ येट्झिंगर यानें जपलेले ते कागद १९५६ सालीं त्याच्याच ग्रंथांतून उजेडांत आले. ज्या कागदासाठीं एवढी धांवपळ झाली तो मालकास गैरसोयीचा होता, हें अनुमान रास्त आहे.

(आ) बखर म्हणते कीं ता. ३ ऑगस्ट १९१४ रोजीं आपण बव्हेरियाच्या राजाकडे अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशीं परवानगीचें उत्तर आलें. युद्धाच्या पहिल्या गर्दींत एका परदेशी चित्रकाराच्या अर्जास राजाच्या कचेरींतून एका दिवसांत उत्तर यावें, हें कारभाराची रीत जाणणारास पटणार नाहीं. १९२४ सालीं बव्हेरियाच्या अधिकाऱ्यांनींच हा ऑस्ट्रियन आपल्या सैन्यांत आला कसा याची चौकशी केली. भरतीच्या वेळीं नागरिकत्वाचा प्रश्न बहुधा कोणी विचारलाच नाहीं, असें त्यांचें अनुमान पडलें. राजाज्ञेऐवजीं कारकुनाची नजरचूक! बखरीपेक्षां हें सामान्य खरें, पण ऑगस्ट १९१४ ला हेंच शोभतें. साल्झबुर्गचा नालायकीचा शेरा आणि सहा महिन्यांनीं झालेली म्यूनिकची भरती यांतहि विरोध मानण्याचें कारण नाहीं. पहिला कागद शांततेंतील आहे, दुसरा युद्धांतील. माप घेणाऱ्याची गरज बदलली होती.

(इ) त्याची पलटण १६ वी बव्हेरियन राखीव पायदळ पलटण. कर्नल लिस्ट यांच्या नांवानें ती ओळखली जाई. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस ईप्रजवळ गेलुवेल्ट येथें तिची पहिली लढाई झाली, आणि कर्नल लिस्ट तेथेंच ता. ३१ ऑक्टोबरला पडले. नोव्हेंबरच्या आरंभीं आपल्या शिपायास गेफ्रायटर हा हुद्दा मिळाला. याचें भाषांतर पुष्कळ ठिकाणीं नाईक असें करतात, तें चुकीचें आहे. गेफ्रायटरच्या हाताखालीं एकहि माणूस नसे. तो केवळ वरच्या वेतनाचा शिपाई. चार वर्षांत त्याचा हुद्दा याहून वाढला नाहीं.

त्याच सुमारास त्याची नेमणूक पलटणीच्या मुख्य ठाण्यावर निरोप्या म्हणून झाली. येथें हजिरीपटाचा एक शब्द संबंध बखरीस वळण देतो. बखर वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढें खंदकांत रात्रंदिवस बसलेला शिपाई उभा राहतो. पलटणीच्या ठाण्याचा निरोप्या धोक्यांतून जात असे यांत संशय नाहीं. परंतु त्याचें निजणें, जेवणें खंदकाच्या मागें असे. थॉमस वेबर या इतिहासकारानें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या पलटणीचें दफ्तर तपासून दाखविलें आहे कीं, खंदकांतील शिपाई अशा ठाण्यावरील लोकांस पिछाडीचे सुखवस्तु समजत.

(ई) पदकांविषयीं. दुसऱ्या वर्गाचा लोखंडी क्रॉस त्यास डिसेंबर १९१४ मध्यें आणि पहिल्या वर्गाचा ता. ४ ऑगस्ट १९१८ रोजीं मिळाला. हे दोन्ही अस्सल कागदावर आहेत आणि त्याचें धैर्य नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु पुढें शाळांच्या पुस्तकांतून कथा शिरली कीं, एकट्यानें शत्रूची तुकडी कैद केली म्हणून पहिल्या वर्गाचा क्रॉस मिळाला. शिफारशींत असें कांहीं नाहीं. तेथें निरोप पोंचविण्यांतील धैर्याचा उल्लेख आहे. ठाण्यावर अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर असलेल्या माणसास शिफारस मिळण्याचा संभव खंदकांतील माणसापेक्षां अधिक, हेंहि विसरतां कामा नये. आणि ज्या अधिकाऱ्यानें ती शिफारस पुढें केली तो ह्यूगो गुटमान हा यहुदी होता. बखरींत त्याचें नांव नाहीं. त्यास पुढें जर्मनी सोडून अमेरिकेचा आश्रय करावा लागला.

(उ) सोबत्यांच्या बखरींचें मोल काय, हें हान्स मेंड याच्या उदाहरणावरून कळतें. याच पलटणींतील हा घोडेस्वार निरोप्या. १९३१ सालीं त्यानें आपल्या प्रसिद्ध सोबत्याची स्तुति करणारें पुस्तक लिहिलें. १९३९ सालीं विरोधी पक्षांतील लोकांजवळ त्यानेंच अगदीं उलट जबानी दिली. साक्षीदार एक, पाहिलेले दिवस तेच, मग साक्ष दोन कां? प्रत्येक वेळीं ऐकणारा निराळा होता म्हणून. दुसरी जबानी आपल्या मतास रुचते एवढ्यावरून तिला पहिलीहून खरी मानणें हा दोषच होय.

६. आतां कागदाच्या मौनाचा विचार. ऑक्टोबर १९१८ मध्यें ईप्रच्या दक्षिणेस वेर्विकजवळ विषारी वायूनें डोळे जाऊन हा शिपाई पासेवाल्क येथील लष्करी इस्पितळांत गेला आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर तेथून निघाला. वायूची नोंद लष्करी कागदांत आहे; परंतु इस्पितळांतील उपचारांचें टिपण नाहींसें झालें आहे. या रिकाम्या जागेवर एक इमारतच उभी राहिली आहे. अंधत्व वायूचें नव्हे, मनाचें होतें. एका मनोवैद्यानें संमोहन करून तें घालविलें, आणि त्यांतूनच पुढील पुरुष निर्माण झाला, असें पुष्कळांनीं लिहिलें. एर्न्स्ट वाइस या लेखकानें यावर कादंबरीहि रचली.

आपल्या मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. भूतलावर घट दिसत नाहीं, म्हणून घटाभाव सिद्ध होतो. पण त्यास त्यांनीं अट घातली आहे: घट असता तर तो दिसलाच असता, अशी योग्यता पाहिजे. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून तो नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. संशोधकास ही अट फार उपयोगाची आहे. बव्हेरियाचा हजिरीपट संपूर्ण आहे. त्यांत एखाद्याच्या नांवासमोर पदकाची नोंद नसेल तर पदक मिळालें नाहीं, असें बहुधा म्हणतां येईल. पॉट्सडामचें दफ्तर जळालें आहे. तेथें नोंद मिळत नाहीं यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. पासेवाल्कचें टिपण नाहींसें आहे. त्यावरून वायूहि सिद्ध होत नाहीं आणि संमोहनहि नाहीं. अंधाऱ्या खोलींत घट शोधणारानें दिवा आणावा; तो नसेल तर गप्प बसावें.

७. कोणी म्हणेल, एका शिपायाचा क्रॉस कोणीं दिला आणि तो कोणत्या सालीं म्यूनिकला आला, या सूक्ष्म चौकशीचा उपयोग काय? त्याचें उत्तर त्याच पलटणींतील यहुदी शिपायांच्या कागदांत आहे.

जर्मनीच्या सैन्यांत सुमारें १ लाख यहुदी लढले व त्यांपैकीं सुमारें १२,००० मेले. तरी ते आघाडी चुकवितात अशी हाकाटी झाली, आणि प्रशियाच्या युद्धखात्यानें ता. १ नोव्हेंबर १९१६ ही तारीख धरून सैन्यांतील यहुद्यांची गणती केली. युद्ध संपेपर्यंत तिचे आंकडे प्रसिद्ध केले नाहींत. गणती झाली, निकाल दडला. यामुळें आरोप मात्र कायम राहिला. अखेर १९३२ सालीं यहुदी आघाडीवीरांच्या संघानें १०,००० हून अधिक मृतांचीं नांवें छापून ग्रंथरूपानें उत्तर दिलें. त्यांत वाद नाहीं, अलंकार नाहीं. नांव, गांव, पलटण, मृत्यूचा दिवस. हजिरीपटाची हीच भाषा.

ता. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यानें यहुदी नोकरदारांस सरकारी चाकरींतून काढण्यास आरंभ झाला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहामुळें त्यांत एक अपवाद राहिला: जो महायुद्धांत आघाडीवर लढला, किंवा ज्याचा बाप अथवा मुलगा तेथें पडला, त्यास वगळावें. घरच्या पेटींत पंधरा वर्षें पडलेला मिलिटेअरपास त्या दिवशीं पोटापाण्याची सनद झाला. लढायांच्या रकान्यांतील एका ओळीवर शिक्षकाची शाळा व न्यायाधीशाची खुर्ची टिकून राहिली. हिंडेनबुर्ग १९३४ च्या ऑगस्टांत वारले. १९३५ च्या अखेरीस अपवादहि गेला. कागद तोच राहिला, वाचणाऱ्यानें त्यास ओळखण्याचें नाकारलें. एकीकडे एका शिपायाची बखर शाळांतून पढविली जात होती, आणि दुसरीकडे त्याच्याबरोबर लढलेल्यांचे खरे कागद रद्दी ठरत होते. कागद जपणें हें काम केवळ हौसेचें नाहीं, हें यावरून दिसेल.

८. शेवटीं संग्राहकांसाठीं दोन सूचना.

पहिली बनावट कागदांविषयीं. एप्रिल १९८३ मध्यें ‘श्टेर्न’ या साप्ताहिकानें हिटलरच्या रोजनिशा मिळाल्याचें जाहीर केलें. त्यांसाठीं ९० लाखांहून अधिक मार्क मोजले होते. ता. ६ मे रोजीं राष्ट्रीय दफ्तरखान्यानें त्या खोट्या ठरविल्या. कागदांत युद्धानंतर वापरांत आलेलें शुभ्रक द्रव्य निघालें. पण आपणांस मनोरंजक वाटेल तो पुरावा निराळाच आहे. रचणारा कुयाव हा लष्करी जुन्या वस्तूंचा व्यापारी. त्यानें मजकूर भाषणांच्या एका छापील संग्रहावरून उतरला, आणि त्या संग्रहांतील चुकाहि जशाच्या तशा उचलल्या. महाभारताच्या पुण्यांतील चिकित्सित आवृत्तीनें आपणांस शिकविलें आहे कीं, दोन प्रतींत समान अशुद्ध पाठ आढळला तर त्या एका कुळांतील समजाव्या. तोच न्याय येथें लागला. शुद्ध पाठ दोघांस स्वतंत्रपणें सुचूं शकतो; चूक मात्र उसनीच घ्यावी लागते.

दुसरी सूचना कागदांच्या जुडग्यांविषयीं. शिपायाची पुस्तिका, त्याचें पदकाचें प्रमाणपत्र, घरचीं पत्रें व छायाचित्रें एकत्र मिळालीं तर तीं एकत्रच ठेवावींत. बाजारांत पदकास एक गिऱ्हाईक मिळतें, पुस्तिकेस दुसरें, आणि पत्रें रद्दींत जातात. मग पदक कोणाचें हें पुस्तिकेवांचून कळत नाहीं, आणि पत्रांतील ‘आमचा गांव’ कोणता हें जन्मगांवाच्या नोंदीवांचून उमगत नाहीं. ज्याच्याकडून कागद आले त्याचा, गांवाचा व तारखेचा उल्लेख निराळ्या चिठ्ठीवर करून ती बरोबर बांधावी; मूळ कागदावर कांहीं लिहूं नये, व फिकट झालेली शाई उजळूं नये.

पॉट्सडामला जळालें तें परत येणार नाहीं. पण त्या सैन्यांतील प्रत्येक शिपाई मोकळा होतांना एक पुस्तिका घेऊन घरीं गेला होता, आणि दफ्तरांतील हजिरीपटाचा गोषवारा अशा रीतीनें लक्षावधि घरांत वांटला गेला. त्या पुस्तिका आज संग्राहकांच्या कपाटांत आहेत. प्रत्येकानें आपल्याजवळच्या पुस्तिकेचें नांव, गांव, पलटण व तारखा यांची नक्कल एखाद्या दफ्तरखान्यास धाडली, तर जळालेल्या हजिरीपटाची एकेक ओळ पुन्हां जागेवर येईल.